चढ आणि चलान

टेकडीच्या टोकावर गाव वसवण्यामागचा हेतू साधा असतो. खालून येणाऱ्याला धाप लागली पाहिजे. धाप लागलेल्या माणसाच्या हातून तलवार नीट चालत नाही, आणि बोलणीही तो पडत्या भावाने करतो. इटलीतल्या तोस्काना आणि उंब्रिया भागात एत्रुस्कन लोकांनी अशी टोकं अडीच हजार वर्षांपूर्वीच हेरून ठेवली. मध्ययुगात त्यांभोवती तट उठले, वेशी बसल्या. खाली दलदल आणि हिवताप, वर वारा आणि पहारा. शत्रू दोनच, माणूस आणि डास, आणि दोघांनाही चढाचा कंटाळा.

त्याच गावांवर आम्ही चौघं पदरचे पैसे मोजून, व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं जोडून, विमा उतरवून चाल करून गेलो. शत्रूलासुद्धा एवढा खर्च आला नसेल.

चौघं म्हणजे मी, सौ., तिची धाकटी बहीण आणि बहिणीचे यजमान, अर्थात माझे साडू. साडू कोल्हापूरचे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात म्हणून मीही म्हणतो, ते माझ्याहून चार वर्षांनी लहान असले तरी. मी साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला चढ म्हणजे काय ते कुणी शिकवायचं नाही, हे वाक्य मी विमानात दोनदा टाकलं. पुढचे दहा दिवस ते मला व्याजासकट परत मिळत राहिलं.

फ्लोरेन्सला गाडी ताब्यात घेण्याआधी अण्णांची एक अट होती. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरात वारले, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथेच, कास्चिने बागेच्या पार टोकाला, छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे. शेजारच्या मोठ्या पुलाच्या नावातसुद्धा ‘इंडियानो’ आहे, तो यांच्यावरूनच. अण्णांनी बूट काढले, मुजरा केला आणि बराच वेळ गप्प उभे राहिले. अण्णांना गप्प राहिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. मग बुटांच्या नाड्या बांधत म्हणाले, “चला भाऊ, आता कुठं चढायचंय तिथं चढू.”

गाडी डबीएवढी होती. चौघांच्या चार बॅगा, शिवाय मेहुणीची खाऊची पिशवी. ती पिशवी मुंबई विमानतळापासून कुणाच्या मांडीवरून खाली उतरली नव्हती. मी चालवायला, अण्णा शेजारी नकाशावर. नकाशा मोबाइलमधली बाई सांगत होती आणि अण्णा तिच्याशी हुज्जत घालत होते.

पहिलं गाव सान जिमिन्यानो. द्राक्षमळ्यांच्या मागे डोंगरावर एकदम दगडी मनोऱ्यांचा जुडगा उभा दिसतो. पुस्तकांतून या दृश्याबद्दल पानंच्या पानं लिहिलेली आहेत. अण्णांनी काच खाली केली आणि म्हणाले, “आयला, एमआयडीसी!”

हे मनोरे म्हणजे गावातल्या घराण्यांची एकमेकांवरची खुन्नस आहे. ऐन भरात इथे ७२ मनोरे होते, आता १४ उरलेत. आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची ही दोन घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली. याने बांधला की त्याने वीतभर वर न्यायचा. आपल्याकडे भाऊबंदकी आडवी चालते, बांध कोरत कोरत. इथे जमीन टेकडीपुरतीच, म्हणून ती उभी चालली. शेवटी नगरसभेने नियम केला की आमच्या मनोऱ्याहून उंच कुणी बांधायचं नाही. तर साल्वुच्चींनी एकाशेजारी एक असे दोन बांधले, म्हणजे बेरीज केली तर सरकारी उंचीच्या वर जावी, असं सांगतात. ही गोष्ट ऐकल्यावर अण्णांच्या मनात इटालियन लोकांबद्दल जो आदर उत्पन्न झाला तो शेवटपर्यंत टिकला. एफएसआयमधून अशी वाट काढणारा माणूस त्यांना कुठल्याही देशाचा चालतो.

पण हे मनोरे टिकले कसे, हे ऐका. १३४८ ची प्लेगची साथ आली, गाव निम्मं रिकामं झालं, आणि १३५३ मध्ये फ्लोरेन्सच्या ताब्यात गेलं. पैसा आटला. जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे दमडी नव्हती, म्हणून जुनं राहिलं. मग सहाशेहून अधिक वर्षांनी, १९९० मध्ये, युनेस्कोने त्याच दारिद्र्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. चार पैसे गाठीला असते तर तिथे ‘साल्वुच्ची हाइट्स’ झालं असतं आणि खाली दोन मजले पार्किंग.

तोर्रे ग्रोस्सा हा सगळ्यांत उंच मनोरा, ५४ मीटर. मी २१८ पायऱ्या चढून वर गेलो. अण्णा खाली आइस्क्रीम खात बसले होते. वरून मी हात हलवला, त्यांनी खालून कोन हलवला. सुखी कोण दिसत होतं, हे सौ.ने काढलेल्या फोटोत स्पष्ट आहे.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते गाव अजून माझ्या पत्त्यावर पत्रं पाठवतं. मुक्काम तटाच्या आत होता. सौ.ने फोटो बघून खोली ठरवलेली : लाकडी तुळया, खिडकीत लाल जिरॅनियम. संध्याकाळी सातला पाच-दहा मिनिटं होती आणि आम्ही वेशीशी आलो. वेशीवर एक लाल कडीचा गोल, खाली इटालियन भाषेत चार ओळी, आणि वर विजेच्या अक्षरांत झळकत होतं : ‘वार्को आत्तिवो’.

“काय म्हणतंय?” मी विचारलं.

“आत्तिवो म्हणजे अ‍ॅक्टिव्ह,” अण्णा म्हणाले. “अ‍ॅक्टिव्ह म्हणजे चालू.”

“काय चालू?”

“रस्ता चालू. बंद असता तर बंद लिहिलं असतं की! घाला आत.”

मी घातली. गल्ली अशी की दोन्ही बाजूंचे आरसे मिटवावे लागले. एका घराच्या उंबऱ्यावर आजोबा खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी पाय वर उचलून घेतले तेव्हा गाडी पुढे सरकली. पुढे पायऱ्याच लागल्या. मोबाइलमधली बाई म्हणत होती, सरळ जा. अण्णा तिला म्हणाले, “तू ये आधी.” मग उलटं येऊन दुसऱ्या वेशीतून बाहेर, पुन्हा वळसा, पुन्हा आत. तिसऱ्या खेपेला मुक्कामाची मालकीणबाई स्वतः दारात उभी होती आणि दोन्ही हात डोक्याला लावून काहीतरी म्हणत होती. आमच्या स्वागतासाठी बाई बाहेर आली म्हणून आम्हाला भरून आलं. तिसऱ्या फेरीपर्यंत आजोबांनी खुर्चीच आत नेली होती.

शेवटी गाडी तटाबाहेर, खाली लावली. निळ्या रेघांत पैसे भरून, पांढऱ्या रेघांत फुकट, पिवळ्या रेघांत गाववाल्यांची, असा तिथला हिशोब. पांढऱ्या रेघा हा प्रकार माझ्या मते पुराणकथांत मोडतो. बॅगा ओढत वर आलो. दगडी फरसावर चाकांच्या चार बॅगा चालल्या की त्याचा आवाज लेझीम पथकासारखा होतो. सगळं गाव खिडकीत आलं.

मोन्तेपुल्चानोमध्ये तर रस्ताच असा की वेशीपासून चौकापर्यंत नुसता वर वर जातो. वळणावळणावर वाटतं आता संपला, आणि कोपऱ्यावरून तो पुन्हा डोकं वर काढतो. या चढावर दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी शर्यत असते. गावाच्या आठ पेठा, प्रत्येकीचे दोन गडी, आणि त्यांनी सुमारे ८० किलोचं लाकडी पिंप ढकलत एक किलोमीटरहून जास्त वर न्यायचं. “रिकामं?” अण्णांनी विचारलं. रिकामं. “मग कशाला?” या प्रश्नाला उत्तर नाही. भरलेलं पिंप खाली यायला सोपं, हे इटालियन लोकांना कळत नसेल असं नाही, त्या गावची वाइन फार जुनी आणि नावाजलेली आहे.

मी निम्म्या चढावर एका भिंतीला हात लावून उभा होतो. नक्षीकाम बघत होतो, असं माझं म्हणणं. तेवढ्यात खालून एक म्हातारी आली. ऐंशीच्या पुढची. काळा झगा, पायात कापडी चपला, दोन्ही हातांत पिशव्या. एकीतून कांद्याच्या पातीसारखं काहीतरी लांब बाहेर आलेलं, दुसरीत बाटल्यांचा किणकिणाट. तिचा श्वास माझ्या निम्म्यानेही लागलेला नव्हता. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि मायेने म्हणाली, “पियानो, पियानो.”

मी इकडेतिकडे बघितलं. कुठून संगीत येतंय का, म्हणून कान दिला. मग मेहुणीने पुस्तकात पाहून सांगितलं की पियानो म्हणजे हळूहळू. तोवर म्हातारी वरच्या वळणावरून दिसेनाशी झाली होती.

“अजिंक्यतारा,” अण्णा एवढंच म्हणाले.

दुपारी गाव बंद. एक वाजला की दुकानांची दारं धडाधड लागतात आणि साडेतीन-चारपर्यंत रस्त्यात मांजरं आणि परदेशी एवढेच प्राणी उरतात. म्हणून जेवायला वेळेत बसायचं. बसलं की आधी पाव येतो, आणि त्या पावात मीठ नसतं. पहिल्या दिवशी वाटलं बेकरीवाला विसरला. दुसऱ्या गावात, दुसऱ्या बेकरीतही तो विसरला तेव्हा चौकशी केली. तोस्काना-उंब्रियाचा पाव अळणीच. कारणं गावागणिक वेगळी सांगतात. पेरुजावाले म्हणतात, १५४० मध्ये पोपने मिठावर कर वाढवला, आम्ही बंड केलं, हरलो, पण त्याचं मीठ काही खाल्लं नाही. तिसऱ्या पॉल पोपने त्या बंडाची शिक्षा म्हणून शहराच्या एका अख्ख्या भागावर किल्ला चढवला. ते गाडलेले रस्ते अजून आहेत, आणि १९८३ पासून त्यांतूनच सरकते जिने वर जातात. सबंध प्रवासात अण्णांनी ज्याची मनापासून तारीफ केली असं हे एकमेव स्मारक. दोनदा वर गेले, दोनदा खाली आले.

सौ.चा गुरुवार होता. तिच्यासाठी रिबोल्लिता मागवली. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पालेभाजी एकत्र रटरटवून, परत गरम केलेली. नावाचा अर्थच मुळी ‘पुन्हा उकळलेली’. सौ.ने दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, “हे मी घरी केलं असतं तर कालचं वाढलं म्हणून तोंड केलं असतंत.” अण्णांनी खाऊच्या पिशवीतून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली आणि वर भुरभुरवली. मग कुणी काही बोललं नाही, ताट पुसून गेलं. बिलात मात्र ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी आकार लावलेला होता. हा खुर्चीवर बसण्याचा आणि टेबलावरच्या कापडाचा. अण्णांचं म्हणणं, चटणी आपली होती, तेवढे वळते करून घ्या.

पिएन्झा हे गाव मला सगळ्यांत आवडलं, आणि ते देखणेपणासाठी नव्हे. तिथला एक मुलगा १४५८ मध्ये पोप झाला, दुसरा पिउस. जन्मगावाचं नाव तेव्हा कोर्सिन्यानो. पोपने बेर्नार्दो रोस्सेल्लिनो नावाच्या वास्तुविशारदाला बोलावलं आणि म्हणाला, चर्च बांध, वाडा बांध, चौक बांध. तीनेक वर्षांत काम उभं राहिलं, गावाला पोपचंच नाव लागलं, आणि खर्च अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट होऊन ५० हजार सोन्याच्या नाण्यांवर गेला. लोकांनी कान भरले. पोपने रोस्सेल्लिनोला समोर उभं केलं. आणि त्याच्या स्वतःच्या आठवणींतच लिहिलेलं आहे की तो म्हणाला, खरा आकडा लपवलास ते बरं केलंस, नाहीतर मी हे कधी बांधलंच नसतं. वर शंभर नाणी आणि लाल झगा बक्षीस.

ही हकिगत ऐकताना मला आमच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम आठवलं. आमच्या ठेकेदाराने आकडा तसाच लपवला होता. मी पोप नसल्यामुळे त्याला झगा मिळाला नाही. बाकी साम्य पूर्ण आहे : पिएन्झाच्या चर्चची मागची बाजू उतारावर असल्याने खचते आहे, भिंतींना तडे आहेत, आणि आमच्याही बाथरूमच्या बाजूने ओल येते.

चिविता दी बान्योरेजोला जायला लांबलचक पादचारी पूल आहे. खालची माती पावसाने वाहून जाते, कडे कोसळतात, गाव कडेकडेने कमी होत चाललं आहे. ‘मरणारं गाव’ असं त्याचं नावच पडलंय. कायमची माणसं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, आणि पुलाच्या तोंडाशी २०१३ पासून प्रवेशाचं तिकीट. अण्णा खिडकीपाशी थबकले. “आजाऱ्याला भेटायला जाताना आपण मोसंबी नेतो. हितं केसपेपरच फाडतायत.” पण आत जाऊन आले आणि परत पुलावर उभे राहून त्यांनी बराच वेळ मागे वळून बघितलं. पूल जाताना उतरतो आणि शेवटी चढतो, त्यामुळे परतताना पुन्हा तेच. थांबायला कारण लागतंच.

ओर्विएतोला निदान दोरीवरची रेल्वे आहे. स्टेशनासमोर बसायचं, काही मिनिटांत कड्यावर. तिथे वर पोहोचून मी निःश्वास टाकतो आहे तोच सौ.ने खाली जायचं काढलं. रोम १५२७ मध्ये लुटलं गेलं तेव्हा सातवा क्लेमेंट पोप पळून ओर्विएतोला आला. वेढा पडला तर पाणी कुठलं, या धास्तीने त्याने विहीर खणायला घेतली. अंतोनियो दा सांगाल्लो याने कडा फोडून ५३ मीटर खोल गोल विहीर बांधली, १५३७ मध्ये पुरी झाली. तोवर पोप वारला होता. दोन जिने एकमेकांत गुंफलेले, प्रत्येकाच्या २४८ पायऱ्या. एकाने पाण्याची खेचरं उतरायची, दुसऱ्याने चढायची. भेट होतच नाही. साताऱ्याजवळ लिंबला आमची बारा मोटांची विहीर आहे, तिच्यात छोटा महाल आहे, हे मी तिकीटवाल्याला सांगितलं. त्याने चार तिकिटं फाडली.

भिंतीत ७० खिडक्या आहेत. सौ. आणि मेहुणी पुढे निघून गेल्या होत्या, आम्ही मागे. तळाशी जाऊन त्या दुसऱ्या जिन्याने वर निघाल्या तेव्हा आम्ही अजून उतरत होतो. खिडकीतून समोर बघितलं की विहिरीच्या पलीकडे सौ. दिसायची. पुढच्या खिडकीत ती थोडी वर, आम्ही थोडे खाली. पंचवीस फुटांच्याही आत अंतर, पण भेटायचं तर तळापर्यंत जाऊन परत यायला हवं.

“भाऊ,” अण्णा हळूच म्हणाले, “असा जिना घराला असता तर?”

विहिरीत आवाज घुमतो. हे खेचरांना ठाऊक असावं, आम्हाला नव्हतं. वरून मेहुणीने विचारलं, “काय म्हणालात?” पुढच्या दीडशे पायऱ्या अण्णा पुन्हा गप्प. तेव्हा मघाचं विधान दुरुस्त करतो, त्यांना मी दोनदा गप्प पाहिलं.

घरी आलो, फोटो वाटून झाले, चीज संपलं. मग आधी गाडी भाड्याने देणाऱ्यांनी कार्डावरून काही युरो वळते केले. कशाबद्दल, तर आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याच्या कष्टांबद्दल. आणि अकराव्या महिन्यात साताऱ्याच्या पोस्टमनने सहीचं जाड पाकीट आणून दिलं. आत तीन चलानं, बाहेरच्या गाड्यांना बंदी असताना वेशीच्या आत गाडी घातल्याबद्दल. गाडी तीच, वेस तीच, संध्याकाळ तीच. वेळा : सहा बावन्न, सात वाजून एक, सात वाजून तेरा. प्रत्येक खेपेचे ऐंशीच्या वर युरो, पाच दिवसांत भरले तर तीस टक्के सूट. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांना कायद्याने ३६० दिवस असतात आणि ते घाई करत नाहीत. पियानो, पियानो.

अण्णांना फोन लावला. निम्मे तुमचे, म्हणालो. आत्तिवो म्हणजे चालू हे तुम्हीच सांगितलंत.

“चूक काय सांगितलं? चालूच होता की,” अण्णा म्हणाले. “कॅमेरा.”

तुम्ही जाणार असाल तर खुशाल जा, पण वेशीवर ‘वार्को आत्तिवो’ दिसलं तर आपल्याला बोलावताहेत असं समजू नका. गाडी खालीच लावा.